आल्फॉन्स मुखा : 'गिस्मोंडा'च्या आधीची पंधरा वर्षं

शाईदौत

पोस्टरच्या गप्पांमध्ये चेक चित्रकार आल्फॉन्स मुखाचं नाव निघालं की पाठोपाठ ती गोष्ट येतेच. डिसेंबर १८९४, पॅरिस. नाताळची सुट्टी, सगळे चित्रकार गावाबाहेर. लमर्सिए छापखान्यात गाजलेली नटी सारा बर्नहार्टचा निरोप येतो: 'गिस्मोंडा' नाटकाचे प्रयोग वाढवतेय, १ जानेवारीला भिंतींवर नवं पोस्टर हवं. हाताशी असतो एकटा मुखा, मित्राची प्रुफं तपासत बसलेला. काम त्याच्या गळ्यात पडतं आणि नव्या वर्षाच्या सकाळी अख्ख्या पॅरिसच्या तोंडी त्याचं नाव होतं.

मलाही ही गोष्ट फार वर्षं आवडायची. आता ऐकली की त्रास होतो. मी पुस्तकांची चित्रं काढून पोट भरतो, मधूनमधून नाटकांची पोस्टरं करतो. या कामात नव्याने आलेली मुलं भेटली की त्यांच्या बोलण्यात हीच एक रात्र डोकावते. एक संधी मिळू दे, मग झालंच. म्हणून त्या रात्रीच्या आधी मुखा नेमका काय करत होता, ते एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

जन्म २४ जुलै १८६०, आजच्या चेक देशातल्या मोरावियात, इव्हान्चित्से गावी. वडील कोर्टात पट्टेवाले. शाळकरी वयात ब्रनोच्या चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांच्या वृंदात होता. म्हणजे ज्या वयात डोळे सगळं टिपून ठेवतात त्या वयात रोज समोर सोनेरी पार्श्वभूमी, संतांच्या डोक्यामागची प्रभावळ, मेणबत्त्यांच्या उजेडात हलणारे जरीचे झगे. १८७८ मध्ये त्याने प्रागच्या कला अकादमीत अर्ज केला. नाकारला गेला, वर दुसरा एखादा धंदा बघ असा सल्लाही मिळाला.

१८७९ मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या कंपनीत उमेदवारीला लागला. तेव्हा वय एकोणीस. पडद्याचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना कळेल की तिथे हाताला कसलं वळण लागतं. कापड जमिनीवर अंथरलेलं, कुंचल्याला काठीएवढा दांडा, आणि आपण चित्राच्या आतच उभे. जवळून सुरेख दिसलेला बारकावा शेवटच्या रांगेतून नुसता चिखल दिसतो. कुठली रेघ लांबून टिकते, कुठली विरून जाते, हे पाठ होईपर्यंत पडदा जमत नाही.

८ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नाचं रिंग थिएटर जळालं. शेकडो माणसं गेली. हे थिएटर कंपनीचं मोठं गिऱ्हाईक होतं. काम आटलं, धाकट्या लोकांना नारळ मिळाला, त्यात मुखाही होता. खिशातल्या पैशांत जिथवर तिकीट मिळालं तिथवर तो आगगाडीने गेला. ते गाव मिकुलोव. तिथे लोकांची व्यक्तिचित्रं केली, सजावटीची कामं केली आणि थडग्यांवरची अक्षरं केली. या थडग्यांवरच्या अक्षरांपाशी मी दर वेळी थांबतो. त्या कामात जागा ठरलेली, नाव ठरलेलं, तारखा ठरलेल्या. सगळं त्या चौकटीतच बसवायचं, आणि चुकलं तर खोडायची सोय नाही.

पुढे एका सरदाराने त्याच्याकडून वाड्याच्या भिंती रंगवून घेतल्या, खर्च उचलून आधी म्युनिकला आणि मग पॅरिसला शिकायला पाठवलं. १८८९ च्या सुमारास तो आधार तुटला. तेव्हापासून मुखा पूर्णवेळ पुस्तकं आणि मासिकांचा चित्रकार. मुलांच्या गोष्टी, साप्ताहिकांतल्या कादंबऱ्या, जर्मनीच्या इतिहासावरचा जाडजूड ग्रंथ. अशी पाच वर्षं. इतिहासाच्या पुस्तकाचं काम म्हणजे दर चित्रासाठी पोशाख, शस्त्रं, दागिने, खिडक्यांच्या कमानी शोधत हिंडायचं. आणि वीस पानांच्या लढाईतून एकच क्षण उचलायचा, जो पाहिल्यावर वाचक थांबेल.

आता मुख्य मुद्दा. १८९० मध्येच त्याने क्लिओपात्राच्या भूमिकेतली सारा बर्नहार्ट मासिकासाठी रेखाटली होती. 'गिस्मोंडा' ऑक्टोबर १८९४ च्या अखेरीस रंगमंचावर आलं, त्यावरच्या नाताळ पुरवणीसाठीही त्यानेच चित्रं केली होती. म्हणजे बाईंचा चेहरा, अंगाची ठेवण, त्या नाटकातले पोशाख, सगळं त्याच्या हातात आधीच बसलेलं होतं. छापखान्यात तो त्या दिवशी योगायोगाने असेलही. चार दिवसांत ते पोस्टर उभं करायची तयारी मात्र पंधरा वर्षांची होती.

पोस्टर पुन्हा एकदा मोठं करून बघा. दोन मीटरपेक्षा उंच आणि जेमतेम पाऊण मीटर रुंद. एवढी चिंचोळी पट्टी, तीत जवळजवळ खऱ्या उंचीची बाई. शेवटाकडच्या धार्मिक मिरवणुकीतला क्षण, हातात झावळी, केसांत ऑर्किडची फुलं, अंगावरचा भरजरी झगा पायांपर्यंत सरळ उतरलेला. डोक्यामागे कमान, तिच्यात मोझेकचे तुकडे. आधी चर्चमधल्या मूर्तीसारखी वाटते, मग लक्षात येतं की ही तर नटी आहे. वरच्या भागात दागिन्यासारखं कोरीव काम, आणि खाली फक्त थिएटरचं नाव. वेळ नव्हता म्हणून पार्श्वभूमीचा बराच भाग कोरा राहिला असं म्हणतात. मला तो कोरेपणाच सगळ्यात जास्त आवडतो. झग्याची कडा तिथे किती स्वच्छ दिसते बघा.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. रंगमंचाशी संबंधित मंडळींनी तर नक्की लिहा.

कुंचला

सुंदर लेख. वाचनखूण साठवली आहे. एक शंका: 'मुखा' की 'म्यूशा'? मी आजवर दुसराच उच्चार ऐकलाय.

शाईदौत

कुंचला, धन्यवाद. चेक भाषेत 'मुखा'च. पॅरिसवाले आपल्या पद्धतीने 'म्यूशा' म्हणतात. हा माणूस आयुष्यभर स्वतःचं चेक असणं जपत राहिला, म्हणून मी त्याच्या घरचा उच्चार धरतो.

दगडछाप

शाईदौत, चार दिवसांचा उल्लेख केलात म्हणून लिहायला बसलो. मी शिळाछापाचं (लिथोग्राफी) काम शिकलोय आणि अजूनही करतो. ते चार दिवस छापखान्याच्या बाजूने कसे गेले असतील याचा अंदाज देतो.

चुनखडीचा दगड घ्यायचा, वाळू-पाण्याने घासून एकसारखा सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने चित्र काढायचं. मग डिंकात किंचित आम्ल मिसळून तो लेप वर फिरवायचा. जिथे तेल आहे तिथे तेल राहतं, बाकी दगड पाणी धरून ठेवतो. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते, कारण ओला दगड तिला थारा देत नाही. सगळी गंमत तेल आणि पाण्याच्या वैरावर आहे. चित्र उलटं काढावं लागतं. अक्षरंसुद्धा उलटी, उजवीकडून डावीकडे.

हे झालं एका रंगाचं. दर रंगाला वेगळा दगड. दर दगडावर त्या रंगापुरतंच चित्र, आणि सगळे एकमेकांवर केसाच्या अंतरानेही न सरकता बसले पाहिजेत. एक रंग छापला की तो वाळू द्यायचा, मग दुसरा. शिवाय 'गिस्मोंडा' एवढं उंच की दोन कागदांवर छापून जोडलेलं. म्हणजे कामाचा व्याप दुप्पट, आणि झग्यावरची नक्षी जोडावर तुटून चालणार नाही.

आता त्या कोऱ्या पार्श्वभूमीकडे बघा. अख्खी पट्टी मोझेकने भरायची तर तो प्रत्येक तुकडा दर रंगाच्या दगडावर पुन्हा काढावा लागला असता. मोझेक फक्त डोक्यामागे ठेवून बाकी सोडून दिलं, त्यात छपाईचा अर्धा वेळ वाचला असणार. छापखान्याची अडचण ज्याला कळते त्या चित्रकाराचा हा निर्णय आहे.

रंगही बघा. वाळूसारखा पिवळा, मळकट हिरवा, विटकट जांभळा. एकावर एक पडलेले पातळ रंग आहेत हे. घाईत जरा इकडेतिकडे झालं तरी डोळ्याला खुपत नाही. भडक लाल-निळं असतं तर प्रत्येक चूक ओरडून दिसली असती.

शाईदौत

दगडछाप, हा प्रतिसाद धाग्यात वरच हवा होता. रंगांबद्दल मी या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

उलटतपासणी

लेख मनापासून आवडला, पण एका बाबतीत असहमत. नशिबाला तुम्ही फारच कोपऱ्यात ढकललंय.

मुखा पोस्टरकडे वळला तेव्हा पॅरिसमध्ये पोस्टरला आधीच सुगीचे दिवस आले होते, आणि त्यात त्याचा काडीचाही हात नव्हता. २९ जुलै १८८१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये छापण्यावरची आणि पोस्टर चिकटवण्यावरची बंधनं सैल झाली. पॅरिसच्या जुन्या भिंतींवर 'पोस्टर लावण्यास मनाई' या सूचनेखाली अजूनही त्याच कायद्याची तारीख दिसते. नाटकांच्या जाहिरातींसाठीचे गोल स्तंभ तर १८६८ पासूनच रस्त्यांवर होते. ज्यूल शेरे या चित्रकाराने रंगीत शिळाछापाची पोस्टरं करायला घेऊन पंचविसेक वर्षं झाली होती. आयुष्यात त्याने हजारावर पोस्टरं केली, १८९० मध्ये सरकारने त्याला लिजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं 'मुलाँ रूज' हे पोस्टर १८९१ चं. लोक पोस्टरं जमवू लागले होते, त्यांची प्रदर्शनं भरत होती. तयार शेत होतं हे.

दुसरं, प्रभावळ आणि जाड बाह्यरेषा. यूजेन ग्रासे या चित्रकाराने १८९० च्या सुमारास 'जान द आर्क'च्या भूमिकेतल्या सारा बर्नहार्टचं पोस्टर केलं होतं, चर्चच्या रंगीत काचेसारखं. त्याचं पहिलं रूप बाईंना पसंत पडलं नव्हतं, ग्रासेने बदलून दिलं. म्हणजे बाईंना काय नको हे आधीच एकाला सोसावं लागलं होतं, त्याचा फायदा मुखाला झाला.

आणि तिसरं म्हणजे खुद्द बाई. छापखान्यातल्या लोकांना ते पोस्टर बघून धसका बसला होता म्हणतात, इतकं ते चालू रीतीपेक्षा वेगळं होतं. पसंत केलं ते बाईंनी. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर ते बाद झालं असतं आणि आपण आज मुखाचं नावही घेतलं नसतं. पंधरा वर्षं घासलेले आणि कुणालाच माहीत नसलेले चित्रकार त्या शहरात ढिगाने होते.

शाईदौत

उलटतपासणी, तुमचा शेवटचा परिच्छेद मला मान्य करावा लागेल. बर्नहार्टची नजर हा या गोष्टीतला फार मोठा भाग आहे आणि मी तिला लेखात फक्त गिऱ्हाईक करून टाकलं. ती स्वतः शिल्पं करायची, थिएटरचा कारभार स्वतः चालवायची, आपला चेहरा लोकांपर्यंत कसा पोचतो यावर तिचं बारीक लक्ष असायचं. पोस्टर बघितल्यावर तिने सहा वर्षांचा करार केला, आणखी ४००० प्रती मागवल्या. करारात पोस्टरांच्या जोडीने नेपथ्य आणि वेशभूषाही होती. चित्रकाराला एका कामाचे पैसे देऊन वाटेला लावणं सोपं होतं. तिने सहा वर्षं दिली.

ग्रासेचंही बरोबर, त्याचं नाव मी घ्यायला हवं होतं.

शेरेबद्दल मात्र थोडं वेगळं सांगतो. त्याच्या बायका हवेत असतात, हसत, नाचत, कुठल्याही जाहिरातीत चालतील अशा. मुखाची गिस्मोंडा दुसऱ्या कुठल्याही नाटकाच्या पोस्टरवर नेऊन लावता येणार नाही. तिथे मला पुस्तकांचा चित्रकार दिसतो. त्याने आधी गोष्ट समजून घेतलीय.

तिसरीघंटा

मी गेली बारा वर्षं नाटकांची पोस्टरं करतेय, म्हणून 'आधी गोष्ट समजून घेतलीय' या वाक्याशी थबकले.

पुस्तकाचं चित्र काढताना मजकूर पूर्ण लिहून झालेला असतो. नाटकाचं पोस्टर करायला घेतो तेव्हा नाटक नसतंच. संहिता असते, तीही बदलत असते. तालमी सुरू व्हायच्या असतात, नेपथ्य कागदावर असतं, कधीकधी मुख्य भूमिकेतला नटसुद्धा ठरलेला नसतो. जे अजून घडलेलं नाही त्याचा चेहरा काढायचा असतो आपल्याला.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या कामातली गोष्ट. संहितेत एक रिकामी खुर्ची पहिल्या पानापासून शेवटपर्यंत होती. गेलेल्या वडिलांची. मी पूर्ण पोस्टर त्या खुर्चीवर उभं केलं. पाठीचा एक दांडा निखळलेला, बसून बसून बैठक मधोमध खोलगट झालेली. सगळ्यांना आवडलं, छापून आलं. शुभारंभाच्या प्रयोगाला जाऊन बसले, पडदा उघडला, खुर्ची नाही. तालमीत दिग्दर्शकाने ती काढून टाकली होती. ती काढल्यावर सगळ्या पात्रांची नजर एका मोकळ्या जागेकडे जायला लागली, आणि नाटक कितीतरी पटीने चांगलं झालं. दिग्दर्शकाचं काहीच चुकलं नव्हतं. मी संहितेनंतर एकदाही तालमीला गेले नव्हते. बाहेर येऊन पोस्टरसमोर उभी राहिले तेव्हा घशाशी आलं, कारण आता त्या चित्राचा नाटकाशी संबंधच उरला नव्हता.

तेव्हापासून एक तरी तालीम बघितल्याशिवाय अंतिम चित्राला हात लावत नाही. तालमीत कोण कुठे उभं राहतं, कोण कुणाकडे बघायचं टाळतं, हे संहितेत नसतं. मुखा तर नाटक सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी त्याच नाटकाचं पोस्टर करत होता, आणि त्याआधी त्यावर चित्रं काढून बसला होता. आमच्या धंद्यात याहून मोठं सुख नाही.

निळीरेघ

सातही पोस्टरं एका ओळीत लावून बघितलीत का कुणी? गिस्मोंडा, ला दाम ओ कामेलिया, लोरेंझाच्चो, सामारितेन, मेदे, तोस्का, हॅम्लेट. तशी बघितल्याशिवाय या कामाची खरी ताकद कळत नाही.

चौकट जवळजवळ एकच. उंच चिंचोळी पट्टी, मध्ये उभी आकृती, डोक्यामागे काहीतरी वर्तुळाकार, वर नाव, खाली थिएटर. दुरूनच कळावं की हे सारा बर्नहार्टचं. आणि दर वेळी त्या चौकटीत नाटक बदलतं. कामेलियात चांदण्यांची पार्श्वभूमी आणि अंगावर त्या काळचा साधा पांढरा झगा. सामारितेनमध्ये प्रभावळीत हिब्रू अक्षरं आणि बाकीच्या अक्षरांनाही त्याच वळणाची झाक. हॅम्लेटमध्ये मागे बापाचं भूत आणि पायाखालच्या पट्टीत बुडालेली ऑफेलिया. हॅम्लेट स्वतः बाईच करत होत्या.

माझं सगळ्यात आवडतं मेदे, १८९८ चं. पायाशी तिनेच मारलेली तिची मुलं, हातात रक्ताळलेला खंजीर. पण तुम्ही आधी बघता ते डोळे. वटारलेले नाहीत, नुसते उघडे राहिलेत. आपण काय केलं हे तिला आत्ता, याच क्षणी कळतंय. बाकी सगळं अंग पुतळ्यासारखं ताठ. खंजीर धरलेल्या हातावर सापाचं कडं वेटोळं घालून बसलंय. हे कडं मुखाने चित्रासाठी कल्पनेने काढलं, आणि बाईंना ते एवढं आवडलं की त्यांनी जॉर्ज फुके या सोनाराकडून तसं खरं कडं घडवून घेतलं. आज ते जपानात, साकाईच्या मुखा संग्रहालयात आहे. पुढे याच फुकेचं अख्खं दुकान मुखाने सजवलं, १९०१ मध्ये. ते दुकान जसंच्या तसं पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात ठेवलंय.

पोस्टरमधून दागिना, दागिन्यातून दुकान. काम असं वाढत जातं हे बघून मला फार उभारी येते.

कोरापान

मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा दोनदा वाचला. मला पुस्तकांची चित्रं आणि नाटकांची पोस्टरं, दोन्ही करायचंय. सगळे सांगतात एकच काहीतरी निवड. आणि अजून एकही नाटक मिळालेलं नाही, तर दाखवायच्या कामात ठेवायचं काय? कुणी सांगेल का?

तिसरीघंटा

कोरापान, निवडू नकोस. दोन्हींनी एकमेकांना पोसलंय, मुखाचं उदाहरण समोरच आहे.

आपल्याच काळातलं नाव हवं असेल तर जेम्स मॅकमलन बघ. मासिकांचा चित्रकार. १९७६ मध्ये न्यूयॉर्क मासिकात डिस्कोवर आलेल्या ज्या लेखावरून पुढे 'सॅटरडे नाइट फीवर' हा गाजलेला सिनेमा निघाला, त्या लेखाची चित्रं त्याचीच. १९८६ पासून न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरसाठी पोस्टरं करायला लागला आणि तिथे दशकानुदशकं करत राहिला. सोबत बायकोच्या जोडीने मुलांची पुस्तकं, सोबत शिकवणं. जलरंग, हाताने काढलेली अक्षरं, आणि एखादं अंग असं वळलेलं की नाटकाचा ताण त्या मणक्यात दिसावा. नाकारलेली रेखाटनं आणि ती का नाकारली गेली, हे त्याने मोकळेपणाने मांडलंय. ते जरूर शोधून वाच. अंतिम पोस्टर बघून जेवढं शिकता येतं त्याच्या दसपट त्या बाद कागदांत आहे.

नाटक मिळालेलं नाही म्हणतेस, तर तीन संहिता घे. एक दुःखाची, एक हसवणारी, एक अशी की जिच्यात काहीच घडत नाही. प्रत्येकीची वीस-वीस चित्रं काढ, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मोठी काढू नकोस, मोठ्या चित्रात आपण कौशल्याने लपवाछपवी करतो. तिकिटाएवढ्या चित्रात जे कळत नाही ते रस्त्यावरही कळणार नाही. दाखवताना अंतिम चित्रासोबत ही तिकिटंही ठेव.

अक्षरं स्वतः काढायला शीक. चित्र झाल्यावर वर नाव टाकू, असं म्हणणाऱ्या माणसाचं पोस्टर लगेच ओळखू येतं.

आणि पहिल्याच कामापासून लेखी घे: किती वेळा बदल करून देणार, चित्र आणखी कुठे वापरणार, मूळ कागद कुणाकडे राहणार. कुठल्या नटाचं नाव कुठे आणि किती मोठं, हे बऱ्याचदा त्यांच्या करारात ठरलेलं असतं, अगदी नाटकाच्या नावाच्या अमुक टक्के म्हणून. ते चित्र काढायच्या आधी विचार. नंतर कळलं तर आकृतीचं डोकं कापावं लागतं.

दगडछाप

लेखी घ्यायचं, याला +१. शांपन्वा या छापखानदाराशी मुखाचा करार झाल्यावर त्याची तीच ती चित्रं पोस्टकार्डांवर, कॅलेंडरांवर, भिंतीवरच्या पट्ट्यांवर छापली गेली. नाव घरोघरी गेलं हे खरं. पण मागणीच्या रेट्यात त्याला त्याच केसांच्या वेटोळ्या काढत बसावं लागलं.

उलटतपासणी

दगडछापनी काढलेला विषय महत्त्वाचा आहे. जून १८९७ मध्ये पॅरिसला 'सालाँ दे साँ'त मुखाचं एकट्याचं प्रदर्शन भरलं, ४४८ कामं. वय सदतीससुद्धा पूर्ण नव्हतं. त्या यशाच्या ऐन भरात त्याला हे सगळं अपुरं वाटायला लागलं होतं. १९१० मध्ये तो मायदेशी, बोहेमियात परतला आणि पुढची दीड-दोन दशकं त्याने स्लाव लोकांच्या इतिहासावरच्या २० प्रचंड चित्रांना दिली. सगळ्यात मोठी सहा मीटर बाय आठ मीटर. १९२८ मध्ये ती प्राग शहराला भेट दिली. तोवर कलाजगत पुढे निघून गेलं होतं, आणि तरुण टीकाकारांना ती चित्रं जुनाट वाटली. १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरल्यावर गेस्टापोने ज्यांना चौकशीला नेलं त्यात हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा होता. त्याच जुलैत, १४ तारखेला, न्यूमोनियाने गेला.

ज्या कामाला त्याने आयुष्याचं काम मानलं ते मागे पडलं आणि चार दिवसांत केलेलं पोस्टर उरलं. मला हे वाचताना वाईट वाटतं.

शाईदौत

मलाही वाटायचं. पण ती २० चित्रं एकदा पोस्टरवाल्याच्या नजरेने बघा. एवढ्या मोठ्या कापडावर गर्दी मांडायची, आणि त्या गर्दीतून एकच चेहरा थेट तुमच्याकडे बघत ठेवायचा, जेणेकरून दारातून आत येणारा माणूस खिळून राहील. हे त्याने व्हिएन्नाच्या पडद्यांवर आणि पॅरिसच्या भिंतींवर शिकलेलं आहे. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया झाला तेव्हा नव्या देशाची पहिली टपाल तिकिटं आणि नोटाही त्यानेच आखल्या. दोन मीटरच्या पोस्टरपासून नखाएवढ्या तिकिटापर्यंत तोच हात आहे. त्याला स्वतःला ते वेगळे कप्पे वाटत असतील. मला बघताना तसं वाटत नाही.

पडदापाडी

विषय थोडा बाजूला जातोय, पण नाटकांच्या पोस्टरांवरचा धागा पोलंडशिवाय कसा संपेल? युद्धानंतरच्या पोलंडमध्ये नाट्यगृहं सरकारी होती, तिकीटविक्रीचा धाक कमी होता. हेन्रिक तोमाशेव्स्की या पोस्टरकाराने वॉर्साच्या अकादमीत १९५२ पासून तीस वर्षांहून जास्त काळ शिकवलं. नटाचा चेहरा नाही, प्रसंग नाही. एक ठसठशीत आकार आणि वेडीवाकडी हाताने काढलेली अक्षरं, बस्स. तिथल्या वाचकाला ओळींमधलं वाचायची सवय होती, म्हणून ते चाललं. १९६८ मध्ये वॉर्सातल्या विलानुव्हला पोस्टरचं स्वतंत्र संग्रहालयच उघडलं त्यांनी. यावर वेगळा धागा काढायचा विचार आहे.

निळीरेघ

पडदापाडी, जरूर काढा. तिथल्याच स्तारोव्हेयस्की या पोस्टरकाराला विसरू नका.

कोरापान

तिसरीघंटाताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली. पहिली संहिता दुःखाची घेतली. एक बाई वर्षानुवर्षं एका पत्राची वाट बघते. तिकिटाएवढी वीस चित्रं झाली. पहिल्या अकरांत पत्र होतं. बाराव्यापासून पत्र आपोआप गेलं आणि नुसता दाराच्या फटीतून आलेला उजेडाचा पट्टा उरला, त्यात तिची पावलं. आता अडचण अशी की वरचा सगळा भाग अंधार आहे आणि नाव कुठे ठेवायचं कळत नाही. अंधारात पांढऱ्या अक्षरांत ठेवलं की उजेडाच्या पट्ट्याचं महत्त्व जातं.

तिसरीघंटा

कोरापान, बारावं चित्रच धर. नाव अंधारात ठेवू नकोस. तो उजेडाचा पट्टा जमिनीवर तिरका येतोय ना? अक्षरं त्या पट्ट्यातच काळ्या रंगात काढ, पट्ट्याच्या तिरकेपणाने, पावलांपर्यंत लहान होत जाणारी. शेवटचं अक्षर तिच्या अंगठ्याला टेकलं तरी चालेल. आणि वरचा अंधार तसाच ठेव, भरू नकोस.

शाईदौत

दाराची फट अजून अरुंद घेऊन बघ. पट्टा बारीक झाला तर अक्षरंही उंच आणि चिंचोळी होतील, वाट बघितल्यासारखी. दोन्ही करून इथे टाक.